रस्त्यातला चर बुजवताना नेमकं कुठे चुकतं?

साईटवाला | सोमवार, रात्री ९:४०

"पाइप टाकून झाला की चर बुजवायला काय लागतं? जेसीबीने माती लोटायची, वरून रोलर फिरवायचा," असं मागे इथे कुणीतरी लिहिलं होतं. तेव्हापासून हा धागा काढायचं मनात आहे. पाणीपुरवठा आणि ड्रेनेजच्या लाइनींवर माझी बावीस वर्षं गेली, पुणे-नगर-सोलापूर पट्ट्यात. पाइप फुटून बसलेले रस्ते या काळात पाहिलेच, पण भराव नीट न झाल्याने बसलेले त्याच्या कितीतरी पट जास्त पाहिले.

आधी साधा हिशेब. पाण्याच्या लाइनीचा चर धरा दीड मीटर खोल आणि पाऊण मीटर रुंद. खोदलेली माती सुटी होते, फुगते. काठावरचा ढीग चरापेक्षा मोठा दिसतो तो त्यामुळेच. तीच माती परत लोटली की कणाकणांमध्ये हवा राहते. पुढे गाड्यांच्या हादऱ्याने आणि पावसाच्या पाण्याने भराव नुसता पाच टक्के बसला, तरी दीड मीटरवर साडेसात सेंटिमीटर होतात. तीन इंचांची आडवी खाच. रात्री दुचाकीवरून येणाऱ्या माणसाला पाडायला तेवढी पुरते.

आता रोलर. आठ-दहा टनांचं धूड फिरताना पाहिलं की सगळ्यांना वाटतं, आता काय हलतंय. पण रोलरचा ड्रम असतो दीड-दोन मीटर रुंद आणि चर पाऊण मीटरचा. ड्रमची दोन्ही टोकं चराच्या जुन्या, घट्ट काठांवर टेकतात आणि मधला भराव ड्रमखाली जेमतेम स्पर्शापुरता येतो. रोलर चराच्या दिशेने लांबीत चालवला तरी हेच. वजन काठ घेतात. शिवाय भरावावर थेट वजन आलं तरी त्याचा जोर खाली उतरत उतरत विरतो. वरची वीस-तीस सेंटिमीटर माती चांगली बसते आणि खालची मीटरभर टाकली तशीच राहते. वरून पाहणाऱ्याला चर पक्का वाटतो. महिनाभराने तो बसतो तेव्हा दोष डांबराला दिला जातो.

म्हणून चर थराथरानेच भरायचा, दुसरा रस्ता नाही. सुटी माती वीस सेंटिमीटर टाकायची, ती चोपून पंधरावर आणायची. चरात मावेल असा रॅमर हवा, साठ-सत्तर किलोचा, उड्या मारत जाणारा. पाइपावरचा भाग आणि रस्त्याचे थर धरले की दीड मीटरच्या चराला आठेक थर होतात. प्रत्येक थराला पाणी, प्रत्येक थराला रॅमरचे तीन-चार फेरे. तीस मीटर चराला यात चांगला दिवस जातो. लोटून दिला तर तासाचंही काम नाही. सगळी गोम या फरकात आहे.

पाण्याबद्दलही गैरसमज आहेत. १९३३ साली लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातल्या आर. आर. प्रॉक्टर नावाच्या इंजिनिअरने मातीच्या धरणांवर काम करताना मांडलं की प्रत्येक मातीला एक ठराविक ओल असते, त्या ओलीवर ती तेवढ्याच ठोक्यांत सगळ्यात घट्ट बसते. ओल कमी असेल तर कण एकमेकांवरून सरकत नाहीत. जास्त असेल तर पाणीच जागा अडवून बसतं, माती रॅमरखाली रबरासारखी लपलपते. आपल्याकडच्या बऱ्याचशा मुरमांना ही ओल आठ ते बारा टक्क्यांच्या आसपास लागते. साईटवर टँकरचा पाइप चरात सोडून दिला की ती कुठल्या कुठे जाते.

शेवटची गोष्ट पाइपाखालची. एका गावात मुख्य रस्त्यावरची लाइन सहा महिन्यांत तीनदा गळली. तिसऱ्या वेळी मी स्वतः चरात उतरलो. वरच्या भरावात डांबराचे तुकडे होते, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या होत्या, एक तुटकी चप्पल होती. पाइपाच्या बाजूची माती काढली आणि पोटाखाली हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. खाली काहीच नव्हतं. पाइप दोन दगडांवर तोललेला होता आणि वरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. सांधा तरी किती दिवस धरणार? पाइपाच्या दोन्ही बगलांखाली माती किंवा कच हाताने, लाकडी ठोकळ्याने कोंबून भरावी लागते. ते काम यंत्र करत नाही. त्यासाठी माणसाला वाकून बसावं लागतं, आणि त्याने ते केलं की नाही हे पुढच्या घमेल्यानंतर कुणालाच दिसत नाही.

तुमचे अनुभव लिहा. शंका असतील तर विचारा.

---

वृंदा_प | सोमवार, रात्री १०:२५

दादा, वेळेवर धागा काढलात. आमच्या सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर ड्रेनेज लाइन बदलायची आहे, ऐंशी मीटर, आणि यंदा सेक्रेटरी मी आहे. ठेकेदार म्हणतात, "माती भरून एक पावसाळा जाऊ द्या, आपोआप बसेल, मग दिवाळीनंतर डांबर करू." समितीतल्या ज्येष्ठांनाही ते पटलंय, कारण पूर्वी घराच्या पायाचा भराव असाच बसवत. बरोबर आहे का हे?

---

साईटवाला | सोमवार, रात्री ११:०५

वृंदाताई, ज्येष्ठांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धं. स्वच्छ वाळू असेल तर पाण्याने ती खरंच बसते, कारण पाणी कणांमधून झटकन खाली जातं आणि जाताना कण जागेवर बसवतं. जोत्यात वाळू किंवा मुरूम भरून पाणी सोडायचे ते यासाठीच, आणि तिथे चारी बाजूंनी भिंत असते, वरून ट्रक जात नाही.

मातीमिश्रित मुरमात तसं होत नाही. पावसाचं पाणी जिथे पोकळी सापडेल तिथून जातं, बारीक कण घेऊन जातं, आणि भराव बसतो तो ठिगळाठिगळाने. कुठे दोन सेंटिमीटर, कुठे वीत. त्यातच चारही महिने चरात पाणी मुरत राहिलं की शेजारचा न खोदलेला रस्ताही खालून मऊ पडतो. मग ऑक्टोबरमध्ये खचलेली पट्टी चरापेक्षा रुंद दिसते.

थराने भरल्यावर वरचा डांबराचा शेवटचा थर थोडा थांबून करायला हरकत नाही, मी स्वतः तसं करतो. पण चोपण्याऐवजी पावसाळा, हे मान्य करू नका.

---

कसोटी | मंगळवार, सकाळी ८:१५

मी मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. वर जे लिहिलंय ते मोजता कसं येतं हे सांगते, कारण "नीट चोपलं" हे वाक्य प्रत्येक साईटवर ऐकायला मिळतं.

माती जास्तीत जास्त किती घट्ट बसते हे लॅबमध्ये काढतात ती प्रॉक्टरची चाचणी. तिचे आपल्याकडे दोन प्रकार चालतात, दोन्ही आयएस २७२० या भारतीय मानकात आहेत. हलक्या चाचणीत २.६ किलोचा हातोडा ३१ सेंटिमीटरवरून, तीन थर, प्रत्येकी २५ ठोके. जड चाचणीत ४.९ किलोचा हातोडा ४५ सेंटिमीटरवरून, पाच थर. रस्त्यासाठी जड चाचणी धरतात. महामार्गांच्या स्पेसिफिकेशनमध्ये सबग्रेडला, म्हणजे रस्त्याच्या थरांच्या लगेच खालच्या मातीला, तिच्यात मिळालेल्या जास्तीत जास्त घनतेच्या ९७ टक्के घनता लागते आणि त्याखालच्या भरावाला ९५. निविदेत नुसतं "९५ टक्के कॉम्पॅक्शन" लिहिलेलं असेल तर कुठल्या चाचणीचे, हे विचाराच. दोन्हींत बराच फरक पडतो.

साईटवर बारीक मातीसाठी कोअर कटर असतो, दहा सेंटिमीटर व्यासाचा लोखंडी नळा, ठोकून आत घालायचा आणि भरलेला वर काढायचा. मुरमात खडे असतात, नळ्याची धार अडते, म्हणून तिथे सँड रिप्लेसमेंट. छोटा खड्डा करून त्यातली माती कण न् कण गोळा करून तोलायची, मग त्याच खड्ड्यात वजन माहीत असलेली वाळू सोडून खड्ड्याचं आकारमान काढायचं. ओल बघायला कार्बाइडचं मीटर. मातीतल्या पाण्याशी कार्बाइडची क्रिया होऊन गॅस होतो, डब्याच्या बुडाच्या काट्यावर ओल कळते. पाच-दहा मिनिटं लागतात.

मागच्या उन्हाळ्यात एका बसलेल्या चरावर आम्हाला बोलावलं होतं. लॅबमध्ये त्या मुरमाची जास्तीत जास्त कोरडी घनता आली होती घनसेंटिमीटरला १.९५ ग्रॅम. चरात मिळाली १.६८. म्हणजे ८६ टक्के. आणि ती वरच्या अर्ध्या मीटरमधली होती.

माझ्या मते चरासाठी सगळ्यात कामाचं साधन मात्र डीसीपी, म्हणजे डायनॅमिक कोन पेनिट्रोमीटर. साठ अंशांच्या टोकाची सळई, आठ किलोचं वजन ५७.५ सेंटिमीटरवरून सोडायचं आणि दर ठोक्याला सळई किती मिलिमीटर आत गेली ते लिहायचं. त्याच चरावर आम्ही डांबराला भोक पाडून लावली. पहिल्या तीस सेंटिमीटरला ठोक्यामागे पाच-सहा मिलिमीटर जात होती, नंतर एकदम तीस-चाळीस. धरणारा मुलगा दचकला, हँडल हातातून निसटल्यासारखं खाली गेलं. साईटवाला यांनी रोलरबद्दल लिहिलंय ते आमच्या कागदावर आकड्यांत उमटलं होतं.

---

बार्शीकर | मंगळवार, दुपारी १:५०

आमच्याकडं सगळी काळी रानं. गावात नळ योजनेचे चर काढले, निघालेली काळी मातीच परत भरली, वरनं गावठाणाचा काँक्रीट रस्ता जोडला. उन्हाळ्यात त्या पट्टीला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात पट्टी वर उचलती. चोपलं असतं तर थांबलं असतं का हे?

---

साईटवाला | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

नसतं थांबलं. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. उलट कोरडी असताना खूप चोपलेली काळी माती पाणी मिळाल्यावर आणखी जोराने वर ढकलते. रस्त्याखालच्या चरात ती परत भरायचीच नाही. बांधावर, शेतात टाका, आणि चरात मुरूम आणा.

पण मुरूम भरताना एक सांभाळा. दोन्ही बाजूंना काळी माती आणि मध्ये मुरूम म्हणजे पाणी सहज वाहून नेणारी नाली तयार होते. सगळ्या गल्लीचं पाणी त्या चरातून उताराला जमतं आणि खालच्या टोकाचा रस्ता फुगतो. म्हणून सखल टोकाला चराचं पाणी ओढ्यात नाहीतर गटारात काढून द्यायचं, आणि उतार जास्त असेल तर मध्ये मध्ये चिकणमातीचा आडवा बांध घालायचा, मीटरभर जाडीचा. हे नकाशात फारसं कुणी दाखवत नाही, पण त्यानेच रस्ता वाचतो.

---

छोटा_ठेकेदार | मंगळवार, रात्री ११:५०

सगळं वाचलं. चूक कुणाचीच म्हणत नाही, पण चराच्या आतून दिसतं तेही कुणीतरी लिहायला पाहिजे.

शहरात परवानगी मिळते रात्री अकरा ते पहाटे पाच. सहा तास. त्यात डांबर कापायचं, खोदायचं, आधीच्या केबली सांभाळायच्या, पाइप जोडायचा, पाणी सोडून सांधे बघायचे आणि पाचला रस्ता गाड्यांना मोकळा करायचा. पावसाळ्यात खोदाई बंद, म्हणून सगळ्या लाइनी एप्रिल-मे मध्ये एकदम निघतात आणि रॅमर भाड्याने मिळत नाही. बिलात भरावाचा दर घनमीटरवर. आठ थरांत भरला काय, एका लोटात भरला काय, पैसे तेवढेच. मी थरात भरतो, कारण दोषदायित्वाच्या काळात, म्हणजे काम संपल्यावरही दुरुस्ती आमच्यावर असते त्या मुदतीत, परत यावं लागतं ते माझ्याच खिशातून जातं. पण शेजारचा लोटून भरून पहाटे तीनलाच घरी जातो, आणि पुढच्या निविदेत त्याचा दर माझ्यापेक्षा कमी असतो.

आणि रॅमरबद्दल. दीड मीटर खोल, पाऊण मीटर रुंद चरात पेट्रोलचा रॅमर घेऊन माणूस तासभर उभा असतो. धूर वर जात नाही, तळाशी साचतो. माझा एक माणूस दोन वर्षांपूर्वी चरातच बसला, डोकं धरून. वेळेत वर काढला म्हणून वाचला. तेव्हापासून दर दहा मिनिटांना माणूस बदलतो आणि काठावर पंखा लावतो. दीड मीटरपेक्षा खोल चराला बाजूंना टेकूच्या फळ्या लावल्याशिवाय कुणाला खाली उतरवत नाही, घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या वर असतं. थरात चोपा म्हणणाऱ्याने या माणसाचा विचार आधी करावा, ही हात जोडून विनंती.

---

साईटवाला | बुधवार, सकाळी ६:४५

भाऊ, तुम्ही लिहिलंत ते माझ्या लिहिण्यात यायला हवं होतं. धुराचं तर मी पहिल्या पोस्टमध्येच लिहायला हवं होतं.

दराचं शंभर टक्के खरं. भराव घनमीटरवर मोजला की घाईला पैसे मिळतात. मी ज्या दोन कामांत थर वेगळे मोजून घेतले, दर थराला फोटो आणि दर पन्नास मीटरला एक चाचणी, तिथे ठेकेदाराने स्वतःहून दुसरा रॅमर आणला.

---

मेघना_लीड्स | बुधवार, दुपारी ४:१०

मी इथे स्थानिक कौन्सिलच्या रस्ते विभागात आहे. या वादातून ब्रिटन कसा गेला ते सांगते.

१९५० च्या कायद्यात पद्धत अशी होती की गॅस, पाणी, वीजवाल्यांनी खणायचं, तात्पुरतं बुजवायचं, आणि पक्कं काम पुष्कळदा कौन्सिल करायची. त्यामुळे खालचा भराव कच्चा निघाला तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत. १९८५ मध्ये प्रोफेसर मायकेल हॉर्न यांच्या समितीने शिफारस केली की जो खणेल त्यानेच तळापासून वरच्या डांबरापर्यंत सगळं करावं आणि त्याची हमी द्यावी. त्यातून १९९१ चा न्यू रोड्स अँड स्ट्रीट वर्क्स अ‍ॅक्ट आला. आज इंग्लंडमध्ये बुजवलेल्या चराची हमी दोन वर्षांची असते, दीड मीटरपेक्षा खोल असेल तर तीन. कोणत्या यंत्राने किती जाडीच्या थरावर किती फेरे मारायचे याचा तक्ताच नियमात दिलेला आहे. साईटवर प्रशिक्षित असल्याचं कार्ड असलेला माणूस लागतो. आम्ही नंतर ठिकठिकाणी गोल नमुने कापून बघतो.

इथेही चर बसतात, सगळं गोड नाही. पण बसला तर कुणाला फोन करायचा हे ठरलेलं असतं.

एक बारकावा मात्र तिकडे नक्की करता येईल. खणताना चराचे काठही सैल होतात, म्हणून डांबर चरापेक्षा दोन्ही बाजूंना थोडं जास्त रुंद कापायचं, म्हणजे नवा थर घट्ट जमिनीवर टेकतो. कटरने सरळ कापायचं, ब्रेकरने फोडायचं नाही, आणि कडेला डांबर लावून सांधा बंद करायचा. पाणी आधी तिथूनच शिरतं.

---

कातळ | बुधवार, रात्री ९:०५

पुण्यात पुष्कळ ठिकाणी माती नसतेच, हातभर खाली बेसाल्ट लागतो. ब्रेकरने फोडलेले दगड तसेच परत टाकतात. दगडांमध्ये पोकळ्या राहतात, वरची कच हळूहळू त्यांत उतरते, आणि दोन वर्षांनी अचानक खड्डा पडतो. दगड वेगळे करायचे, पाइपाभोवती कच किंवा वाळू, वर मुरूम.

जिथे रॅमर चालवायला जागा किंवा वेळ नाही तिथे फ्लोएबल फिल वापरता येतं. थोडं सिमेंट, राख, वाळू आणि भरपूर पाणी. पातळ खिरीसारखं ओततात, चोपायची गरज नाही, पाइपाच्या पोटाखालीही स्वतः जातं. ताकद २ मेगापास्कलच्या आत ठेवली तर पुढे लाइन दुरुस्तीला उकरताही येतं. कोराडी, चंद्रपूर, परळी, एकलहरे इथली औष्णिक केंद्रं राखेचे डोंगर घेऊन बसली आहेत. ओतताना एकच काळजी, रिकामा एचडीपीई (प्लॅस्टिकचा) पाइप त्यात तरंगतो, तो आधी खाली जखडावा लागतो.

---

वृंदा_प | तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ११:२०

कळवते म्हणून कळवते. समितीत बोलले, करारात थराची जाडी आणि चाचण्या घातल्या. खर्च थोडा वाढला आणि दोन बैठका त्यावरच गेल्या. ठेकेदार आधी नाराज होते. थरांचे पैसे वेगळे देऊ म्हटल्यावर तयार झाले.

आज सकाळी दुसरा थर चालू होता. कसोटीताई, तुम्हाला मेसेज केला होता तेव्हा सांगितलं होतंत तसं मूठभर मुरूम घेऊन दाबून बघितला. पहिला गोळा कमरेएवढ्या उंचीवरून सोडला तर पिठासारखा विस्कटला. ठेकेदारांनी झारीने पाणी मारलं, फावड्याने माती उलटीपालटी केली. दहा मिनिटांनी पुन्हा घेतला, त्याचे तीन तुकडे झाले, म्हणजे ओल जमली. मग रॅमर चालू केला. चरातला माणूस दर दहा मिनिटांनी बदलतोय, ते मी घड्याळ लावून बघतेय. पाइपाच्या बगलेत कच कोंबताना आमचे जोशीकाकाही खुर्ची टाकून काठावर बसले होते.

दुपारी तिसरा थर आहे. डीसीपी लावायची तर किती थर झाल्यावर बोलवायचं?

---

कसोटी | रविवार, सकाळी ११:५५

वृंदाताई, मुरमाचा शेवटचा थर झाल्यावर, खडी टाकायच्या आधी. तोपर्यंत प्रत्येक दुसऱ्या थराला सँड रिप्लेसमेंट करून घ्या, कारण नंतर कमी आलं तर वरचे सगळे थर काढावे लागतील. गुरुवारी मी त्याच बाजूला आहे, सळई घेऊन येते.